सोडलेलं काम कोणाच्या अंगावर पडतं?



आज अठरावा अध्याय, आठवा श्लोक. अर्थ तसा सरळ आहे. काम त्रासाचं आहे, अंगाला कष्ट पडतील, या भीतीने जो ते सोडतो त्याचा त्याग राजस. त्यागाचं फळ त्याला मिळत नाही. हा श्लोक मी याआधीही वाचलाय. दर वेळी डोळ्यांसमोर दुसरंच कोणीतरी यायचं, बहुतेक ऑफिसातलं. या दिवाळीत मात्र तो थेट माझ्यावर आला.

चार दिवसांची सुट्टी काढून पुण्याहून कारंज्याला गेलो होतो. (आमचं कारंजा घाडगे. वाशिमवालं कारंजा वेगळं, दर वेळी सांगावं लागतं.) दीड वर्षापूर्वी बाबांना लकवा झाला, तेव्हापासून ते अंथरुणावरच आहेत. दादा संत्र्याचा बगीचा पाहतो आणि बाबांचंही सगळं करतो. मी पैसे पाठवतो. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे बाबांची चादर बदलायची होती, दादा बगीच्यात गेलेला, आणि मला मळमळलं. शेवटी आईनेच बदलली. नऊ वाजता मी म्हणालो, "पवनारला जाऊन येतो, विनोबांच्या आश्रमात. जरा मन शांत होईल." आई म्हणाली, "जाय. लवकर येजो." दादाने काही न बोलता गाडीची चावी दिली.

धाम नदी आमच्याच बाजूच्या डोंगरात उगम पावते आणि पुढे पवनारच्या टेकडीखालून वाहते. विनोबा १९३८ साली तब्येत ढासळलेली असताना इथे राहायला आले. धामच्या पलीकडचं म्हणून नाव परंधाम. १९५९ साली त्यांनी इथेच बहिणींसाठी ब्रह्मविद्या मंदिर काढलं. मी नदीकडे तोंड करून बसलो. खरंच शांत वाटलं, खोटं कशाला बोलू! फोन बंद, वारा छान. दोन तास कसे गेले कळलं नाही.

मग आवारात फिरताना एक वयस्कर बहीण दिसल्या. वाकून पालापाचोळा झाडत होत्या. मी म्हटलं, "ताई, द्या मी करतो." त्या हसल्या. म्हणाल्या, "करा की, पण तो कोपरा घ्या. हा माझा आहे." त्यांना फार काही सांगायचं होतं असं नाही, त्या पुन्हा झाडायला लागल्या. मी माझा कोपरा झाडला आणि तिथेच ते डोक्यात शिरलं. इथे नोकर नाहीत. झाडलोट, स्वयंपाक, शेती, सगळं आपल्याच हाताने. १९५० च्या सुमारास विनोबांनी इथे पैशाविना आणि बैलांविना शेती करून पाहिली, रहाटसुद्धा माणसांनीच ओढला. म्हणजे संसार सोडलेल्या या लोकांनी काम सोडलेलंच नाही. उलट, आपलं काम दुसऱ्याच्या अंगावर पडू नये याचीच इथे काळजी.

आमच्या धंद्यात टिकीट बंद करणं वेगळं आणि दुसऱ्याच्या नावावर टाकणं वेगळं. आपल्या यादीतून दोन्ही सारखंच गायब होतं. मी सकाळी चादरीचं टिकीट आईच्या नावावर टाकलं आणि त्याला मन:शांती म्हटलं.

पण मग विनोबांचं काय? १९१६ साली इंटरच्या परीक्षेला म्हणून मुंबईला निघालेला मुलगा सुरतेला उतरून काशीला जातो. दोनच वर्षांनी आई जाते. त्या घरात मागे कोणीतरी काहीतरी उचललं असेलच ना? याचं पूर्ण उत्तर मला सापडलेलं नाही. एवढं दिसतं की ते सोपं टाळायला निघाले नव्हते, गेले तिथे कष्ट जास्तच होते. आणि आईला समजेल अशी मराठी गीता हवी होती, म्हणून पुढे १९३०-३१ मध्ये त्यांनी गीताई लिहिली. पण ती वाचायला आई नव्हती. हे मला आजही टोचतं.

आश्रमात भरत-रामाच्या भेटीचं जुनं शिल्प आहे. विनोबांना इथे जमीन खणतानाच ते मिळालं. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिलो. वनात गेलेल्याची कथा आपण सगळे ऐकतो. मागे राहून चौदा वर्षं कारभार ओढणारा भरत आपल्या बोलण्यात कमी येतो. आमच्या घरचा भरत कोण ते मला ठाऊक आहे. मी राम नाही, तेही ठाऊक आहे.

घरी पोचलो तेव्हा सहा वाजले होते. दादा बाबांना कुशीवर वळवत होता. मी म्हटलं, "दादा, मले शिकव." तो म्हणाला, "हात धू आधी." खांद्याखाली एक हात, कमरेखाली दुसरा, आणि ओढायचं नाही, आपल्याकडे लोळवायचं. पहिल्यांदा मी चुकलो, बाबा कण्हले. दुसऱ्यांदा जमलं. मळमळ होतीच.

रात्री जेवताना दादाने विचारलं, "आश्रम कसा होता?" मी म्हटलं, "चांगला. तू कधी गेला नाहीस?" तो म्हणाला, "टाइम कुठं भेटते."

मग ठरलं. पुढच्या महिन्यात मी आठ दिवसांची रजा टाकतोय. मी घरी राहीन, दादा आणि वहिनी पवनारला जातील. रजा अजून मंजूर व्हायची आहे.