अविधवा नवमीला जेवायला कुणाला बोलवावं?

शंका : माझी पत्नी सरकारी रुग्णालयात सिस्टर होती. नाइट करून सकाळी घरी यायची, दोन्ही मुलांचे डबे भरायची आणि मगच पाठ टेकायची. निवृत्तीनंतर लवकरच तिला पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, झाला. आजार वर्षानुवर्षं वाढत गेला. शेवटची दोन वर्षं ती अंथरुणावरच होती. तिच्या वॉर्डातल्या एक सहकारी सिस्टर ड्यूटी संपली की घरी यायच्या. तिची कूस वळवायच्या, पाठ पुसून पावडर लावायच्या, गोळ्यांच्या वेळा माझ्या वहीत लिहून द्यायच्या. गेल्या श्रावणात पत्नी गेली. वर्षश्राद्ध झालं. आता अविधवा नवमीला सवाष्ण जेवायला घालायची आहे. त्या सिस्टरांनाच बोलवावं असं मला फार वाटतं, पण त्या विधवा आहेत. घरातले वडीलधारे म्हणतात, असं केलं तर केलेलं पोचणार नाही. – एक वाचक, सातारा

समाधान : त्यांना बोलवा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना जिवाला घोर नको.

अविधवा नवमी म्हणजे भाद्रपद वद्य नवमी. नवरा हयात असताना जी गेली, तिची ही तिथी. त्या दिवशी सवाष्णीला जेवायला बोलवायचं, तिला हळदकुंकू लावायचं, खणानारळाने ओटी भरायची. जेवायला बसलेल्या सवाष्णीत आपण गेलेल्या बाईला पाहतो. आता आठवून पाहा, तुमच्या पत्नीला सर्वांत जवळून पाहिलं कुणी? नात्यातल्या सवाष्णी पुष्कळ असतील. पण तिच्या पाठीला जखम होऊ नये म्हणून दिवसभर वॉर्ड सांभाळून आल्यावर पुन्हा कंबर कसणारी ही एकच. त्या दिवशी तिला घराबाहेर ठेवून श्राद्ध करणं मला तरी श्रद्धेचं वाटत नाही.

वडीलधाऱ्यांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. ज्या माणसासाठी करायचं त्याच्यात काही उणं राहू नये, हीच त्यामागची काळजी आहे. त्यांना महालयाची आठवण करून द्या. पितृपक्षात पिंड फक्त रक्ताच्या नात्याचे नसतात. आईवडील, आजा-पणजा यांच्याबरोबर गुरू, शिष्य, मित्र, आप्त यांचीही नावं घेतात. ज्यांचं मागे कुणी नाही त्यांच्यासाठीही पिंड ठेवतात. ज्या विधीत इतक्यांना जागा आहे, तिथे कपाळावर कुंकू नाही म्हणून एका सेवाव्रती बाईला उठवायचं, हे त्या विधीलाच शोभत नाही.

आणि आपल्याच मातीतलं उदाहरण समोर आहे. जोतीराव फुले १८९० मध्ये गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं धरून सावित्रीबाई पुढे चालल्या. पुढची सहा वर्षं त्या विधवाच होत्या. त्याच वर्षांत त्यांनी सत्यशोधक समाजाचं काम पुढे नेलं. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा दत्तक मुलगा डॉ. यशवंत याच्याबरोबर त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली, एका आजारी मुलाला स्वतः उचलून दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. त्या हातांना अशुभ म्हणायची आज कुणाची छाती आहे? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला, की गावात नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. एका लहान गावाला जे जमलं ते तुमच्या घराला जमेल.

मात्र एक सांगणं आहे. निमंत्रणाआधी त्या सिस्टरांशी एकट्याने बोला. अनेक बायांनी इतकी वर्षं मागे राहायची सवय केलेली असते, की पंगतीत मध्यभागी बसवल्यावर त्या अवघडतात. घरच्या वादात त्यांचं पान अडकलं तर तुमचा सन्मान त्यांना शिक्षा वाटेल. त्यांचं मन असेल तर बोलवा. घरच्यांच्या समाधानासाठी एखादी सवाष्णही बोलवा, पण दोघींची पानं शेजारी मांडा, दोघींच्या ओटीत तोच खण आणि तोच नारळ घाला. गुरुजींना आधीच कल्पना द्या. ते नाही म्हणाले तर दुसरे गुरुजी बघा, मिळतात.

शंका : हे लिहायला हात धजत नाही. पत्नी गेली त्या रात्री मला कित्येक वर्षांनी सलग झोप लागली. सगळे ‘सुटली बिचारी’ म्हणत होते आणि माझ्या मनात आलं, मीही सुटलो. याला प्रायश्चित्त आहे का? – तेच वाचक

समाधान : नाही, कारण पाप घडलेलंच नाही. अंथरुणावरच्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. कंपवाताच्या गोळीला उशीर झाला की शरीर लाकडासारखं ताठरतं, म्हणून तिची वेळ घड्याळ लावून पाळावी लागते. घास अडकेल म्हणून पेज चमच्या-चमच्याने भरवावी लागते. हे सगळं तुम्ही केलंत. त्या रात्री झोपलं ते तुमचं थकलेलं शरीर. प्रेम कमी झालं म्हणून ते झोपलं नाही.

तुमच्या पत्नीला हे कुणी समजवावं लागलं नसतं. सकाळी वॉर्डाची ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या पाळीकडे काम सोपवून, घरी येणाऱ्या सिस्टरला झोप लागते म्हणून तिने रोग्यांना सोडून दिलं, असं कुणी म्हणत नाही. सुतकातही घरात चूल पेटवत नाहीत, शेजारपाजारचे डबे आणून देतात. ज्यांनी ही रीत घातली त्यांना मागे राहिलेल्यांचा थकवा दिसला होता. तुम्हीही स्वतःला तेवढी मोकळीक द्या.

शंका : मी याच घरची मुलगी, पुण्यात असते. आई आठवली की शेवटच्या वर्षांतला तिचा कोरा चेहराच डोळ्यांपुढे येतो. मी आले तरी ती हसायची नाही. मी लांब राहिले म्हणून ती माझ्यावर नाराज होती का?

समाधान : बाळ, तो चेहरा आजाराचा होता. कंपवातात चेहऱ्याचे स्नायू आखडतात, पापण्याही कमी लवतात, आवाज खाली जातो. आत आनंद झाला तरी तो चेहऱ्यावर उमटत नाही. डॉक्टर याला मुखवट्यासारखा चेहरा म्हणतात, आणि किती मुलामुलींनी तो राग समजून मन जाळून घेतलं असेल! तुझी आई या घरातली सर्वांत जाणती रुग्णसेविका होती. तुझी धावपळ तिला कळत होती. तुला पाहून ती आत हसत होती, असंच मी धरीन. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथल्या कुटुंबीयांशी बोललीस तर हेच ऐकायला मिळेल.

आता एक काम कर. भिंतीवर लावायला शेवटच्या काळातला फोटो घेऊ नकोस. तिच्या त्या सहकारी सिस्टरांना फोन कर आणि वॉर्डातला, नोकरीच्या सुरुवातीचा एखादा फोटो माग. अशा फोटोत चार-पाच जणी रांगेत उभ्या असतात आणि कुणीतरी मध्येच हसत असतं. त्यांना विचार, त्यातली आई कोणती, आणि ती कशाला हसत होती.