माणशी भाडं

खेड तालुक्याला जग पाहायला कुठे जावं लागलं नाही. जगच चाकणला येऊन उतरलं. २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, त्याच वर्षी मर्सिडीज-बेंझने पिंपरीतलं बिऱ्हाड चाकणला हलवलं. मागोमाग सुटे भाग बनवणाऱ्यांची रीघ लागली आणि परदेशी साहेबांच्या गाड्याही कांद्याच्या टेम्पोंमागे नाशिक महामार्गावरच्या कोंडीत अडकू लागल्या.

साहजिकच राजगुरुनगरपासून निगडीपर्यंत ‘जागतिक नागरिक व्हा’ सांगणाऱ्या कार्यशाळांना बरकत आली. जपानी माणसाला व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यावं, जर्मनाकडे पाच मिनिटंही उशिरा जाऊ नये, वगैरे. भाषणाची सुरुवात हटकून ज्ञानेश्वरांपासून. त्यांची आळंदी याच तालुक्यात, त्यामुळे वक्त्याला लांब जावं लागत नाही. सांगतात ते खोटं नाही, उपयोगाचंही आहे. माझी तक्रार एवढीच, की हा शिष्टाचार आपण फक्त वरच्यांसाठी शिकतो. साहेबाची रीतभात पाठ करायची. शेजारच्या मशिनवरचा ओडिया पोरगा कुठल्या जिल्ह्यातला, हे वर्षभर विचारायचंही नाही.

याचा फटका कामात बसतो, तो असा. टोयोटाच्या पद्धतीत लाइनवर ‘अँडन’ची दोरी असते. बोल्ट नीट बसला नाही, दार घासतंय असं वाटलं, की कामगाराने दोरी ओढायची. दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो, आणि गाडी त्या टप्प्याच्या शेवटाला पोहोचेपर्यंत दोष निघाला नाही तर लाइन थांबते. ही पद्धत जगभरच्या कारखान्यांनी उचलली. दोरी बसवणं सोपं. ती ओढायला माणूस तयार करणं अवघड. लाइन थांबली म्हणजे शिफ्टचं टार्गेट गेलं, आणि कंत्राटावरचा बिहारी मुलगा ते स्वतःच्या अंगावर कशाला घेईल? मराठी सुपरवायझरने एकदा चारचौघांत ‘ए भय्या’ म्हणून झापलं, की पुढच्या वेळी त्याला दोष दिसतो, पण दोरी ओढली जात नाही. गाडी पुढे जाते आणि तक्रार गिऱ्हाइकाकडून येते. मग मूळ कारण शोधायला साहेब ‘पाच वेळा का’ विचारायला बसतो. पाचव्या ‘का’चं उत्तर बहुधा मशिनमध्ये सापडत नाही.

कारखान्याबाहेर हेच चित्र जास्त ठळक दिसतं. नाणेकरवाडी, खराबवाडी, म्हाळुंगे, कुरुळी या गावांत पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या आहेत. दहा बाय दहाची खोली, दाराबाहेर चपलांचा ढीग, सामाईक नळ, आणि भाडं खोलीचं नव्हे, माणशी. दिवसपाळीवाले उठले की रातपाळीवाले त्याच अंथरुणावर पाठ टेकतात. भाडं घेताना भाडेकरूचा गाव कुठला हे आड येत नाही. पाण्यावरून वाजलं की मात्र तो लगेच ‘बाहेरचा’ होतो.

स्थानिकांचा राग अगदीच बिनबुडाचा नाही. जमिनी त्यांच्या गेल्या. सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ऐंशी टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात असं धोरण कागदावर आहे, आणि ज्याच्या शेतावर शेड उभी राहिली त्याचा मुलगा त्याच शेडमध्ये कंत्राटावर राबताना दिसतो. पण कायम नोकरी खाल्ली ती कंत्राटी पद्धतीने. खोलीतल्या भाडेकरूचीही अवस्था तीच, किंबहुना त्याहून वाईट. रागाला पत्ता चुकीचा सापडलाय.

‘बाहेरचा’ म्हणून हिणवताना आपण एक विसरतो. ज्याच्या नावाने खेडचं राजगुरुनगर झालं, तो शिवराम हरी राजगुरू स्वतः कोण होता? १९०८ साली भीमेकाठच्या वाड्यात जन्मलेला हा मुलगा पोरवयातच घर सोडून काशीला संस्कृत शिकायला गेला. तिथून क्रांतिकारकांत आला. चंद्रशेखर आझाद आजच्या मध्य प्रदेशातल्या भाबऱ्याचे, भगतसिंग आणि सुखदेव पंजाबचे. ज्यांची बोली, जेवण, सणवार वेगळे, त्यांच्यासोबत त्याने जीव धोक्यात घातला. १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरमध्ये ब्रिटिश पोलीस अधिकारी साँडर्सवर पहिली गोळी त्याने झाडली आणि २३ मार्च १९३१ ला, बावीस वर्षांचा असताना, तो लाहोरच्याच तुरुंगात फासावर गेला. काशीत आणि लाहोरात तो परप्रांतीयच होता. दर २३ मार्चला आपण त्याच्या पुतळ्याला हार घालतो, भाषणं होतात. या मुद्द्यावर बोललेलं मी तरी ऐकलेलं नाही.

आता वारं उलटंही वाहू लागलंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्या राज्याची राजधानी स्टुटगार्ट, म्हणजे मर्सिडीजचं माहेर. उद्या खेडचा इलेक्ट्रिशियन, मंचरची नर्स तिकडे जाईल. जर्मन शिकवायला वर्ग आहेत, शिकवणारेही आहेत. पण परक्या गावात राहायचं कसं, याचा सराव करायला आधी कुठे उडायची गरज नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ आपल्याच भाडेकरूला मराठी शिकवून पाहावी. आपण किती गोष्टी अध्याहृत ठेवून बोलतो, समोरच्याची मान हलते तेव्हा त्याला समजलेलं असतंच असं नाही, चारचौघांत त्याची चूक कशी दाखवू नये, हे सगळं तिथे महिन्याभरात कळतं, कार्यशाळेच्या फीशिवाय.

एरवी स्टुटगार्टची घरमालकीण दार अर्धवट उघडून जे प्रश्न विचारेल, ते आपल्याला तोंडपाठ असतीलच. किती जण राहणार? फोडणीचा वास येणार का? पाहुणे येतात का? अनामत किती देता? खराबवाडीत ते आपणच विचारत आलो आहोत.