संकर आणि सोवळे

संगीतात संकर करावा की करू नये, हा वाद आपल्याकडे नवा नाही. परंतु ज्या प्रश्नास प्रथम हात घालावयास हवा तो बहुधा बाजूस राहतो. संकराने संगीत बाटते काय, याचा खल पुष्कळ होतो. ज्याचे गाणे उसने घेतले त्याच्या पदरात काय पडले, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही.

शुद्धतेचा आग्रह धरणारांनी एकवार मिरजेस जावे. ज्या तंबोऱ्याच्या झंकारास आपण शास्त्रोक्त गाण्याचा प्राण समजतो तो तेथे घडतो. आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही कला तेथे ज्यांनी रुजविली ते फरीदसाहेब सतारमेकर मूळचे शिकलगारांच्या घराण्यातले, म्हणजे हत्यारांस धार लावणारांपैकी. तलवारीचे दिवस सरले तेव्हा तोच हात भोपळ्याकडे वळला. 2024 साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. त्याच गावी राहिलेले अब्दुल करीम खाँ (1872–1937) उत्तरेतील किराण्याचे. त्यांनी कर्नाटकी पद्धतीची सरगम आपल्या गायकीत आणली आणि मराठी नाट्यपदेही गाइली. पेटी तर युरोपातून आलेली. ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये तिला दाराबाहेर ठेविले. 1971 मध्ये ती बंदी सैल करावी लागली. तोपर्यंत कीर्तनात आणि नाटकात ती घरचीच झाली होती!

जुन्या महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री यांचे पाणी एकाच गोमुखातून पडते. ओंजळीत कृष्णा किती आणि कोयना किती, हे भाविक विचारीत नाही. संगीताचेही तसेच, असे म्हणून संकराचे समर्थक येथेच थांबतात. मला थांबता येत नाही. पाण्यास पोट नसते. गजी ढोल वाजविणाऱ्या धनगरास आणि तारपा फुंकणाऱ्या वारल्यास ते असते.

एखाद्या चित्रपटगीतात लोकगीताची चाल घेतली की कर्त्याच्या जागी ‘पारंपरिक’ हा शब्द छापतात. शब्द मोठा आदराचा दिसतो. त्याचा व्यावहारिक अर्थ एवढाच, की येथे कोणास काही देणे लागत नाही. 1957 चा कायदा कर्त्याच्या हयातीनंतर साठ वर्षे त्याचा हक्क राखतो. परंतु पिढ्यान्‌पिढ्या अनेकांनी मिळून घडविलेल्या गीतापाशी तो मुका होतो.

इंडोनेशियातील योग्यकर्ता येथे 2010 मध्ये रुली शबारा व वुकिर सुर्यादी यांनी ‘सेन्यावा’ ही जोडी काढली. सुर्यादी स्वतः घडविलेले बांबूचे वाद्य विजेच्या साहाय्याने असे काही वाजवितो की जुने कोणते व नवे कोणते हे सांगणे कठीण व्हावे. 2021 मध्ये त्यांनी आपला ‘अलकिसाह’ हा संग्रह एकाच कंपनीस न देता देशोदेशींच्या चाळीसहून अधिक लहान प्रकाशकांच्या हाती दिला. मक्ता कोणाकडेच राहू नये, हा त्यातला भाव मला त्यांच्या नादापेक्षाही मोलाचा वाटतो.

आपल्याकडे मुंबईच्या ‘स्वदेशी’ या तरुणांच्या रॅप मंडळाने 2019 मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ हे गीत काढिले. त्यात आरे जंगलातील केलटीपाड्याचे प्रकाश भोईर गातात आणि गीतावर त्यांचे नावही आहे. असल्या गीताची माझी परीक्षा अशी: आदिवासीचा आवाज काढून घेतला तर मागे काय उरते? ते तसेच उभे राहिले तर तो आवाज नुसता दागिना होता. येथे तो काढल्यास गीतास विषयच उरत नाही, कारण जाणारी जमीन भोईरांची आणि त्यांच्या लोकांची आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील झाडे तोडली गेली. गाण्याने झाडे वाचली नाहीत, हा दोष मी गाण्यास लावीत नाही. उद्या कोणी तीच चाल उचलून, भोईरांस न विचारता, तिच्याखाली ‘पारंपरिक’ असे छापले, तर तिला गोड म्हणून आपण घरोघर वाजवू की नाही, एवढेच मला विचारावयाचे आहे.