आडनाव गाळणे हा मुसावाद होतो काय?

धम्मबंधूंनो, आपल्या महापे-रबाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यात डेटा सेंटरच्या प्रचंड इमारती उभ्या आहेत. अशाच यंत्रांत साऱ्या जगाची नावे साठतात. एकदा चढविलेले नाव सहजी पुसले जात नाही. म्हणूनच की काय, ऐरोली-घणसोलीची आपली काही शिकलेली मुले इन्स्टाग्रामवर आडनाव गाळतात. वडीलधारी विचारतात, पंचशील घेतलेल्याला हे शोभते काय?

मुसावाद म्हणजे फसविण्यासाठी खोटे बोलणे. न सांगणे निराळे. भाड्याने खोली देण्यापूर्वी जात हुंगणाऱ्याला आडनाव पुरविण्याचे बंधन कोणत्याही शीलाने घातलेले नाही. २०१५ साली शिर्डीत बाबासाहेबांवरील गाण्याच्या रिंगटोनवरून वाद होऊन एका तरुणाचा खून झाला. तेव्हा या मुलांना भ्याड म्हणणाऱ्यांनी जरा जपून बोलावे.

परंतु उच्चवर्णीय वाटेल असे आडनाव लावून जो लाइक गोळा करतो, त्याचे काय? त्याने स्वतःचाच माल केला आणि वर खोटी छाप मारली. हा मात्र मुसावादच.

आणि स्टेटसला 'जय भीम' ठेवून घरात हुंडा मोजणारा? त्याने तर आडनाव पूर्ण लिहिलेले असते.