माग बंद होते तेव्हा

२०२० च्या मार्चमध्ये देशात टाळेबंदी लागली तेव्हा आधी 'जान है तो जहान है' असे सांगण्यात आले. एप्रिलमध्ये त्याचे 'जान भी, जहान भी' झाले. आम्ही पगारदार मंडळींनी दोन्ही घोषणा सारख्याच उत्साहाने एकमेकांना पाठवल्या. आमचा पगार बँकेत जमा होत होता. घरी बसणे आम्हांला कर्तव्य वाटले, आणि ते पाळणे सोपेही होते.

मालेगावच्या यंत्रमाग कामगाराचे तसे नव्हते. त्याची मजुरी विणलेल्या कापडावर. माग थांबला की मजुरी थांबली. मालकाचे नुकसान पुढच्या हंगामात भरून निघू शकते. मजुराच्या मुलाचे आजचे जेवण उद्या भरून निघत नाही. आणि त्या एप्रिल-मेमध्ये साथीने याच दाटीवाटीच्या मोहल्ल्यांना घेरले होते. टाळेबंदी चूक होती असे आम्ही म्हणत नाही. रोगाला कुणाच्या भुकेची दया नसते. पण एका पारड्यात आरोग्य आणि दुसऱ्यात रोजी, हे चित्रच खोटे होते. दोन्ही पारड्यांत तोच एक माणूस बसला होता. वजन करणारे तेवढे वेगळे.

मागाच्या शेडमध्ये वर्षानुवर्षे कापसाचे बारीक तंतू उडतात. बारा-बारा तासांच्या पाळीत ते छातीत जातात, खोकला जडतो. तेव्हा 'आधी आरोग्य' असे आम्ही कधी म्हटले नाही. तो निवाडा कापडाच्या बाजूने केव्हाच होऊन गेला होता. साथ आमच्या दारापर्यंत येऊ शकत होती, ते तंतू येत नव्हते, एवढाच फरक!

शाममधल्या प्लेगची बातमी ऐकून हजरत उमर वाटेतूनच माघारी फिरले, हा प्रसंग त्या दिवसांत मोबाइलवरच्या बयानांतून आम्ही पुन्हा पुन्हा ऐकला. पण त्याच सुमारास, हिजरी १८ मध्ये, अरबस्तानात भीषण दुष्काळ होता. त्यांनी जकातीची वसुली पुढे ढकलली, चोरीची शिक्षा थांबवली, इतर प्रांतांतून धान्य मागवले. ही अर्धी गोष्ट आम्ही कुणाला पाठवली नाही.

८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ मालगाडीखाली १६ मजूर गेले. गाडी मिळेल या आशेने ते जालन्याहून भुसावळकडे पायी निघाले होते आणि थकून रुळांवरच झोपले होते. त्यांच्या पोळ्या रुळांवर विखुरल्या होत्या. साथीच्या बळींत त्यांची मोजदाद झाली नाही.