हळद गप्प राहते तेव्हा

पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग पडतो. साबण लावला की तो लालभडक होतो, पाण्यात खळबळला की पुन्हा पिवळा. घरोघरी हे घडतं आणि ‘हळद आहे ना, होतं तसं’ एवढ्यावर विषय संपतो. हळदीतल्या कर्क्युमिनची आम्लारीशी गाठ पडली की त्याचा रंग लाल होतो. आम्लारी निघून गेली की ते मूळ पिवळ्यावर येतं. हळदीला चुना लावून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर चालते.

शाळेतही हा प्रयोग होतो. टिपकागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवायच्या आणि त्यांवर एकेक थेंब टाकायचा. चुन्याची निवळी टाकली, लाल. धुण्याच्या सोड्याचं पाणी टाकलं, लाल. साबणाचं पाणी, लालच. मुलं हरखतात, बाई फळ्यावर ‘दर्शक’ हा शब्द लिहितात आणि तास संपतो. माझ्या मते खरा तास इथून पुढे आहे.

पुढच्या पट्टीवर लिंबाचा रस टाकावा. पट्टी पिवळीच राहते. तिच्या शेजारच्या पट्टीवर साधं पाणी टाकावं. तीही पिवळीच. आता मुलांना विचारावं, लिंबू आणि पाणी एकच का रे? जीभ लगेच नाही म्हणते, पट्टी मात्र काहीच बोलत नाही. समोर आम्लारी नाही, एवढंच ती सांगू शकते. आम्ल आहे की नुसतं पाणी, हे ओळखणं तिच्या कुवतीबाहेरचं. मग जास्वंदीच्या पाकळ्या कोमट पाण्यात कुस्करून त्या पाण्यात तोच लिंबाचा रस घालावा. ते गडद गुलाबी होतं. सोड्याचं पाणी घातलं तर हिरवं होतं. लिंबू तेच होतं, विचारणारा बदलला तेव्हा उत्तर मिळालं.

‘दिसलं नाही’ आणि ‘नाही’ यांत केवढं अंतर आहे, ते दहा वर्षांच्या मुलाला चार पट्ट्यांत कळू शकतं. साध्या पाण्याची पट्टी सगळ्यांत कंटाळवाणी, म्हणून तीच बहुधा गाळली जाते. पण ती नसेल तर लाल रंग चुन्यामुळे आला की नुसतं ओलं झाल्यामुळे, हे कशावरून ठरवणार?

रंगांच्या बाबतीत आणखी एक फसगत असते. मीठ घातलेलं भाताचं पाणी उतू जाऊन शेगडीवर सांडलं की निळी ज्योत पिवळी होते. तो रंग मिठातल्या सोडिअमचा. पोटॅशिअमची ज्योत फिकट जांभळी असते. पण त्यात सोडिअमचा अंश जरी मिसळला तरी पिवळ्याच्या झगमगाटात जांभळं हरवून जातं. म्हणून प्रयोगशाळेत अशी ज्योत कोबाल्टच्या निळ्या काचेतून पाहतात. काच पिवळा प्रकाश शोषून घेते आणि झाकलेला जांभळा रंग दिसू लागतो. पोटॅशिअम आधीही तिथंच होतं.

जर्मनीत हायडेलबर्गला रॉबर्ट बुन्सेन हाच खटाटोप करत होते. एकमेकांत मिसळलेले ज्योतींचे रंग वेगळे करायला ते रंगीत काचा आणि रंगीत द्रावणं वापरून पाहत होते. त्यांचे सहकारी गुस्टाव्ह किर्कहोफ यांनी सुचवलं की ज्योतीचा प्रकाश लोलकातून पाहावा. लोलकातून गेल्यावर प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा आपापल्या जागी सुट्या उभ्या राहिल्या. १८६० मध्ये ड्युर्कहाइमच्या झऱ्याच्या खनिजयुक्त पाण्यात त्यांना कुणाच्याच नसलेल्या दोन निळ्या रेषा दिसल्या आणि सीझिअम हे नवं मूलद्रव्य सापडलं. त्याचा क्षार काही ग्रॅम हाती यावा म्हणून सुमारे ४० टन पाणी आटवावं लागलं. इतक्या तुटपुंज्या पदार्थाचाही रंग प्रकाशात उमटला होता. तो ओळखता आला, कारण पाहण्याची रीत बदलली.

म्हणून रंगांचे प्रयोग म्हणजे खऱ्या रसायनशास्त्राआधीची करमणूक, असं समजू नये. करमणूक आणि शास्त्र यांच्यामधली रेघ महागड्या उपकरणांनी आखलेली नसते. काय बदललं एवढंच पाहून थांबलो तर ती जादू. काय बदललं नाही हेही वहीत लिहिलं आणि त्याचं कारण शोधायला निघालो की ते शास्त्र.

शिकवणाऱ्यालाही यातून थोडं घेता येईल. धडा संपल्यावर आपण विचारतो, ‘समजलं का?’ वर्ग गप्प बसतो आणि त्या गप्पपणाचा अर्थ आपण सोयीने ‘समजलं’ असा लावतो. हा प्रश्न म्हणजे हळदीची पट्टीच. ज्याला समजलं तो आणि ज्याला विचारायचा धीर नाही तो, दोघेही तिच्यावर पिवळेच दिसतात. त्याऐवजी विचारून पाहावं, ‘आता या पट्टीवर ताक टाकलं तर काय होईल? थेंब टाकण्याआधी प्रत्येकाने वहीत लिहा.’ कुणी लाल लिहील, कुणी पिवळं, कुणी शेजाऱ्याच्या वहीत डोकावेल. कुणाला काय कळलंय ते मग आपल्याला कळू लागेल.