हिरवी काडी

दापोलीजवळच्या एका गावात एक नवरा-बायको राहत होते. त्यांची आंब्याच्या कलमांची रोपवाटिका होती. पावसाळ्यात कोयी रुजल्या, रोप दोन आठवड्यांचं झालं, की पानं तांबूस आहेत तोवर त्याचा शेंडा छाटायचा. मग हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची आणि पट्टीनं घट्ट बांधायची. तो काड्या आणी, ती बांधी. तिच्या हातची कलमं सहसा फुकट जात नसत.

लग्नाला सात वर्षं झाली होती. त्याला मूल हवं होतं, तिला नको होतं.

ती हे लग्नाआधीच बोलली होती. तेव्हा तो "बघू" म्हणाला. त्याला वाटलं, पुढे हिचं मन वळेल. तिला वाटलं, याला पटलं. त्या एका शब्दाचे दोन अर्थ घेऊन दोघांनी संसार मांडला.

पहिली दोन-तीन वर्षं बरी गेली. मग गाव विचारू लागलं. गणपतीत विचारी, शिमग्याला विचारी, हळदीकुंकवाला तर हमखास विचारी. प्रश्न सगळा तिलाच. कुणी नवस सुचवी, कुणी डॉक्टर. "एकदा झालं की माया येतेच," असं तर सगळेच सांगत. हे वाक्य मला फार अन्यायाचं वाटतं. माया नाहीच आली, तर त्या लेकरानं कुठे जायचं?

नवराही विषय काढी. कधी गोडीनं, कधी रागानं. ती बोलू लागली की हा तिचं म्हणणं खोडून काढायच्या तयारीतच ऐके. त्यामुळे हळूहळू तिनं सांगणंच सोडलं. शेवटी जूनमधल्या एका रात्री ती म्हणाली, "बरं. तुम्हाला हवं ना? होऊ दे."

त्याला आनंदानं झोप आली नाही. तीही जागीच होती, पण ते त्याच्या लक्षात आलं नाही.

त्याच पावसाळ्यात एका बागायतदारानं पाचशे कलमं मागितली. नवऱ्याची घाई उडाली. त्यानं सगळ्या काड्या एका दिवसात कापून आणल्या आणि पडवीत ढीग घातला. बांधता बांधता चार-पाच दिवस गेले. मदतीला गावातली एक म्हातारी आली होती. दोघांना कलम बांधायला तिनंच शिकवलं होतं. तिनं एक काडी उचलून पाहिली.

"ताज्या नाहीत रे या."

"हिरव्या तर आहेत, आजी!"

म्हातारी पुढे बोलली नाही. कलमं बांधून झाली.

दहा दिवसांनी पाहिलं तर रांगच्या रांग हिरवी. त्यानं मोठ्या कौतुकानं आजीला बोलावलं. "बघा, एक तरी मेलीय का?"

"अजून थांब," आजी म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात डोळे फुटायला हवे होते. ते फुटले नाहीत. काड्या टोकाकडून काळ्या पडत आल्या. त्यानं एक पट्टी सोडली, तर काडी अलगद हातात आली. सांधा धरलाच नव्हता.

"मग इतके दिवस हिरवी कशी राहिली?"

"काडीत तिचा स्वतःचा थोडा रस असतो. त्यावर ती काही दिवस तग धरते. बघणाऱ्याला वाटतं, जगली."

"बांधली तर घट्ट होती."

"बांधल्यानं जवळ येतात, बाबा. जुळायचं ते आतून जुळतं."

ती मेलेली काडी हातात घेऊन तो बराच वेळ बसून राहिला. जूनपासून बायको एकदाही वाद घालत नव्हती. म्हणाल त्याला हो म्हणे. आलेल्या-गेलेल्याशी हसून बोले. त्याला वाटलं होतं, ती सुखात आहे.

रात्री त्यानं विचारलं, "त्या दिवशी 'बरं' म्हणालीस, ते मनापासून होतं?"

ती पुष्कळ वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी दमले होते."

सात वर्षांत पहिल्यांदा त्यानं 'का' असं विचारलं आणि उत्तर संपेपर्यंत तोंड उघडलं नाही. ती नऊ वर्षांची असताना तिची आई गेली होती. मागे तीन भावंडं. धाकटा सहा महिन्यांचा. त्याला कडेवर घेऊन ती शाळेत जाई. पुढे शाळाच सुटली. "तिघांना वाढवलं, त्याचं मला दुःख नाही," ती म्हणाली. "पण माझं आईपण तिथंच खर्ची पडलं. आता पुन्हा कुठून आणू?"

मग त्यानं आपलं सांगितलं. तो एकुलता. बाप मुंबईला गिरणीत. वर्षातून दोनदा घरी यायचा, गणपतीत आणि शिमग्याला. "मला रोज घरी असणारा बाप व्हायचं होतं." हे तिलाही आजवर ठाऊक नव्हतं.

दोघंही रडली. तो म्हणाला, "मग राहू दे. नको आपल्याला मूल."

सकाळी त्यानं आजीला हे सांगितलं. त्याला वाटलं, ती शाबासकी देईल.

"हा शब्द तू रडल्यावर दिलास," आजी म्हणाली. "तोही आज हिरवाच दिसणार. वर्षभर घाई करू नकोस. तिच्या 'हो'चा जसा तपास केलास, तसा तुझ्या 'नको'चाही कर."

दोघांनी वर्षभर कोणताच निर्णय धरला नाही. पण बोलणं थांबवलं नाही. एकदा शाळा सुटताना तो रस्त्यात थांबला आणि उशिरा घरी आला. "आज फार वाटलं," तो म्हणाला. तिनं तो टोमणा मानला नाही. ती त्याच्याजवळ येऊन बसली. असे दिवस पुष्कळ आले. हेच त्या वर्षातलं खरं काम होतं.

पुढचा पावसाळा आला. तो आजीकडे गेला.

"इच्छा गेली नाही," तो म्हणाला. "जाईल असंही वाटत नाही. पण त्या इच्छेपायी बायकोवर राग धरला का, ते रोज पाहिलं. नाही धरला. मी तिच्याबरोबरच राहणार."

"आणि राग धरला असतास तर?"

"तर वेगळं व्हायचं, हे दोघांनी ठरवलं होतं. न भांडता."

"तेही बरोबरच झालं असतं," आजी म्हणाली.

मूल अर्धं आणता येत नाही. म्हणून दमवून घेतलेल्या होकारावर ते आणू नये, आणि भरात दिलेल्या नकारावरही विषय मिटला असं समजू नये.

त्या पावसाळ्यापासून तो लागतील तेवढ्याच काड्या सकाळी कापतो. ती दुपारच्या आत बांधते.